गाडी हलवायची नाही

आमची गाडी चालत नाही असं मुळीच नाही. आम्ही ती चालवत नाही. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो मी मेव्हण्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांना समजावून थकलो आहे. आमच्या रस्त्यावर गाडी घेणं सोपं, ती उभी करायला जागा मिळणं महाकठीण. मला ती मिळाली आहे. आणि कुठे, तर थेट आमच्या दाराशी, पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खिडकीतून दोन्ही आरसे दिसतील अशी! सहा वर्षांपूर्वी खालचा भाडेकरू सामान भरून गेला, त्याचा टेम्पो हलला आणि नेमका त्याच क्षणी मी गाडी घेऊन त्याच्या मागे उभा होतो. असे योग माणसाच्या आयुष्यात एकदाच येतात. तेव्हापासून गाडी तिथे आहे.

आता अशी जागा हाताशी असताना ती सोडून गाडी फिरवायला न्यायची म्हणजे शुद्ध वेडेपणा. गाडी हलली की पाच मिनिटांत कुणीतरी तिथे शिरणार. म्हणून मी ऑफिसला बसने जातो. बायकोही बसने जाते. लांब कुठे जायचं झालं तर मेव्हणा आम्हाला त्याच्या गाडीतून नेतो आणि वाटभर टोमणे मारतो. रविवारी सकाळी मी खाली उतरतो, गाडी पुसतो, सुरू करतो, दहा मिनिटं आत बसून पेपर वाचतो आणि बंद करून वर येतो. बायकोच्या मते ही गाडी नसून आमच्या घराची तिसरी खोली आहे. डिकीत आमची जाड पांघरुणं असतात, हे मी नाकारत नाही.

मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आहे. दुकानातला काटा खरा की खोटा, मीटरपट्टी शंभर सेंटिमीटरची की अठ्ठ्याण्णवची, हे बघण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यामुळे आपला रस्ता किती रुंद, गाडी किती लांब, दोन गाड्यांमध्ये बोटं किती, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

एके दिवशी दिव्याच्या खांबावर नगरपालिकेची नोटीस लागली. 'सदर रस्त्याच्या डाव्या बाजूस सायकल मार्गिका प्रस्तावित असून सदर बाजूस वाहने उभी करण्याची मुभा रद्द करण्याचे विचाराधीन आहे.' आमची बाजू डावी. मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो, तिथून ती उजवी होत होती. पण नोटीस या टोकाला लावली होती, तेव्हा त्या युक्तिवादात दम नव्हता.

त्याच आठवड्यात बायकोच्या नावाने एक पाकीट आलं. ती एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या तपासण्या करते. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला मुख्य तंत्रज्ञाची जागा देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"अहो, अकरा वर्षं तपासते मी आणि खाली सही करतो दुसराच," ती पाकीट पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. "आता सही माझी असेल."

"वा! मग अडलंय कुठे?"

"वेळ सकाळी सातची आहे. तिकडे जाणारी पहिली बस आपल्या स्टॉपवर येते सव्वासातला. त्या वेळी भाड्याची गाडीही सापडत नाही. तुम्ही सोडाल मला?"

"अगं, सोडलं असतं की. पण गाडी हलवावी लागेल."

ती आत जाऊन कपड्यांना इस्त्री करायला लागली. इस्त्री त्या दिवशी जरा जोरात आपटत होती.

तिच्याकडे सायकल आहे. वर्षापूर्वी घेतली, पुढे वेताची टोपली असलेली. रविवारी मी गाडीत पेपर वाचत असतो तेव्हा ती मैदानावर जाऊन चकरा मारून येते. मी म्हटलं, मग सायकलने जा. तर म्हणाली, "मला सायकल येते हो, आपला रस्ता येत नाही. एकीकडून बस चेपते आणि दुसरीकडे तुम्हा लोकांच्या गाड्या. तो पट्टा झाला ना, तर जाईन मी. सहा किलोमीटर म्हणजे काही फार नाही."

"कुठला पट्टा?"

"नोटीस लागलीय ना खांबावर, तो."

"छे गं, तो कसला होतोय!" मी तिला धीर दिला. "मी आहे ना."

नंतर माझ्या लक्षात आलं, की यात धीर देण्यासारखं काही नव्हतं.

हरकत नोंदवायला मी नगरपालिकेत गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"गाडी तिथे उभी असते याला पुरावा?"

"येऊन बघा ना. कधीही या."

"आम्ही खुर्ची सोडून येत नाही. गाडी इकडे आणून दाखवा."

"अहो, गाडी इकडे आणली तर ती तिकडे उभी असते हे कसं सिद्ध होईल?"

कारकुनाने मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्याने हरकतीच्या तीन प्रती मागितल्या, तिसऱ्या मजल्याने त्यातल्या दोन परत दिल्या आणि पुन्हा पहिल्या खिडकीवर आलो तर ती जेवायला गेली होती. जेवून आल्यावर मात्र कारकून मवाळ झाला. म्हणाला, "साहेब, हरकतींवर काही होत नाही. सगळं मोजणीवर आहे. येत्या बुधवारी सकाळी सात ते संध्याकाळी सात. उभ्या गाड्या मोजणार, जाणाऱ्या सायकली मोजणार. गाड्या दिवसभर चाळीसच्या खाली गेल्या, तर जागेची गरज नाही असं धरणार. आणि सायकलींच्या फेऱ्या दीडशेच्या वर गेल्या तर मार्गिका पक्की. मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही."

"गेल्या खेपेला सायकली किती होत्या?"

"एक्याण्णव."

मी तिथल्या तिथे त्याचा हात हातात घेऊन दाबला. एक्याण्णव! म्हणजे सायकलींची चिंताच नव्हती. प्रश्न होता तो गाड्यांचा. कारण माझा अपवाद सोडला तर आमच्या रस्त्यावरचे लोक सकाळी गाड्या घेऊन कामाला जातात. जागेसाठी संध्याकाळी भांडतात आणि सकाळी सोडून जातात, असा सगळा पोरखेळ.

रविवारी सकाळी आमच्या बैठकीत सभा भरली. सत्तावीस गाडीवाले आले. खुर्च्या सहा. समोरच्या दारातले दंतवैद्य अध्यक्ष झाले, कारण त्यांची गाडी सगळ्यांत लांब आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त लघुलेखकांनी टिपणं घ्यायला सुरुवात केली, ती कुणी बोलायच्या आधीच. मी चिटणीस. समितीला नाव काय द्यावं यावर पाऊण तास गेला. कोपऱ्यावरच्या शिंप्याला 'बचाव' हा शब्द हवा होता, दंतवैद्यांना 'संघर्ष'. शेवटी दोन्ही घातले.

मग सूचनांचा पाऊस पडला. शिंपी म्हणाला, नातेवाइकांच्या गाड्या आणून ठेवू. लघुलेखक म्हणाले, कडक शब्दांत निवेदन देऊ, मजकूर माझ्याकडे लागला. एकाने मोजणी करणाऱ्यांना चहाला बोलावून ठेवावं असं सुचवलं. दंतवैद्य रुग्णाला गप्प करतात तसा हात वर करून म्हणाले, "साधी गोष्ट आहे. बुधवारी कुणीही गाडी हलवायची नाही. सात ते सात. हलली तर त्याला समितीतून काढून टाकू."

"पण मग कामाला जायचं कसं?" शिंप्याने विचारलं.

हा प्रश्न अवघड होता. बसमध्ये शिंप्याला मळमळतं. दंतवैद्यांच्या दवाखान्याकडे बस जात नाही. लघुलेखक कुठेच जात नाहीत, पण त्यांनीही अडचण नोंदवून घेतली. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन बायको बाहेर आली.

"सायकलने जा ना," ती कप ठेवत म्हणाली. "एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

"वा, वहिनी!" दंतवैद्यांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात डोकं! नाहीतर तुम्ही, चिटणीस."

"माझ्याकडे सायकल नाही," शिंपी म्हणाला.

"माझ्या मैत्रिणीकडे दोन आहेत. मी आणून देते की. आणखी कुणाला हव्यात?"

अकरा हात वर झाले. माझ्या बायकोने दोन दिवसांत सगळ्यांची सोय केली. कुणाच्या चाकात हवा भरली, कुणाची सीट खाली घेतली, दंतवैद्यांना पायजम्याची नाडी कशी आत खोचायची ते शिकवलं. मला तिने तिची स्वतःची सायकल दिली. मला गहिवरून आलं. स्वतःचं नुकसान होत असताना नवऱ्याच्या पाठीशी उभी राहणारी बायको आजकाल कुठे मिळते, असं मी शिंप्याला म्हणालोही.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या सत्तावीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही? नाही पडला. शपथेवर सांगतो. मोजणीत सायकलवाले मोजणार हे प्रत्येकाला पाठ होतं. पण सायकलवाले म्हणजे ते लोक. ते वेगळे असतात. आम्ही गाडीवाले होतो, फक्त त्या दिवशी सायकलवर बसलेले.

बुधवार उजाडला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या अशा गच्च उभ्या होत्या की डोळ्यांचं पारणं फिटावं. कोपऱ्यावर दोन मोजणीदार खुर्च्या टाकून बसले होते, एक जाड भिंगांच्या बाई आणि एक छत्रीवाले गृहस्थ. प्रत्येक सायकलवाल्याला ते थांबवून विचारत, "कुठे निघालात?" आम्ही सगळे अभिमानाने सांगत होतो, "कामाला."

सायकलवर मी शेवटचा बसलो त्याला तीस वर्षं झाली असतील. लोक म्हणतात, सायकल चालवणं माणूस विसरत नाही. ते खरं आहे, पण थांबवणं विसरतो. टोपलीत डबा ठेवून मी निघालो आणि पहिल्या पन्नास पावलांत माझी तंतरली. उजवीकडून बस. डावीकडे गाड्यांची रांग, आमचीच. मधली जागा मी नजरेनेच मोजली. सव्वीस वर्षांची सवय, जाते कुठे? पंचावन्न सेंटिमीटर. हँडलच साठचं होतं. बसवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा मी इतका दचकलो, की 'आई गं' असं मोठ्याने ओरडलो आणि शेजारच्या गाडीचा आरसा धरून उभा राहिलो. ती दंतवैद्यांची गाडी होती. आरसा आत वळायचा असतो, तो बाहेर वळला.

चौकापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. समोरच्या पाटीवर काय लिहिलंय ते दिसेना. परत फिरलो. मोजणीदार बाईंनी पुन्हा थांबवलं. "काय झालं?" "विसरलो," मी म्हणालो आणि घरात शिरलो. बायको दारातच चष्मा घेऊन उभी होती. तिचा चेहरा त्या वेळी जरा वेगळा दिसला, पण चष्मा नसल्यामुळे नीट कळलं नाही.

पुन्हा निघालो. या खेपेला एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं. शिंप्याची बायको गाडीत राहिलेली पिशवी घ्यायला आली होती. मी दारावर, सायकल माझ्यावर आणि डबा बसच्या चाकाखाली. "लागलं का हो भाऊजी?" ती बिचारी घाबरून विचारत होती. मी 'छे छे' म्हणत उठलो. ती बस चार बोटं इकडे असती तर डब्याच्या जागी मी असतो. मी फुटपाथवर पाच मिनिटं बसून राहिलो. आणि तिथे बसल्या बसल्या मनात आलं, की ही रोज सकाळी इथून जाणार म्हणत होती.

हा विचार मी झटकून टाकला. चिटणीसाला असे विचार परवडत नाहीत.

डबा गेल्यामुळे दुपारी जेवायला घरी आलो, जेवून पुन्हा गेलो, संध्याकाळी परत आलो. रस्त्यात सगळे समितीवाले भेटत होते. कुणाची पँट साखळीत अडकलेली, कुणी सायकल हातात धरून चाललेला. मोजणीदारांजवळ आल्यावर तोही बाणेदारपणे सायकलवर बसून दाखवायचा. सात वाजता मोजणी संपली. उभ्या गाड्या एक्काहत्तर! दंतवैद्यांनी सगळ्यांना केक वाटला.

पंधरा दिवसांनी नगरपालिकेचं पत्र आलं. उभ्या गाड्या एक्काहत्तर, ठीक. सायकलींच्या फेऱ्या एकशे एक्कावन्न. मार्गिका मंजूर. हरकत असल्यास एकोणतीस तारखेला सुनावणीस हजर राहावे.

मी पत्र खाली ठेवलं. बायको भाजी चिरत होती.

"तुला माहीत होतं?"

"काय?"

"की आम्हालाही मोजणार म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "मोजमाप तुमचा विषय ना."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, कारण ती दोन दिवस गाणं गुणगुणत होती. तिसऱ्या दिवशी मीच हरलो आणि मीठ मागितलं.

सुनावणीला अख्खी समिती लोटली. माझी बायकोही अर्ध्या दिवसाची रजा काढून आली आणि मागच्या रांगेत बसली. हॉस्पिटलला तिने अजून कळवलं नव्हतं, उद्याचा शेवटचा दिवस होता. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. त्यात ते पाकीट होतं, हे मला न बघता कळलं.

टेबलामागे नगरपालिकेची इंजिनीअरबाई होती. पस्तिशीची, शांत, बोलताना पेन्सिल सरळ रेषेत ठेवणारी. तिने तक्ता उघडला.

"एकशे एक्कावन्नपैकी नव्याण्णव... माफ करा, त्र्याण्णव फेऱ्या नेहमीच्या लोकांच्या. बाकी अठ्ठावन्न तुमच्या समितीच्या. सव्वीस जणांच्या दोन-दोन. जाणं आणि येणं, कारण 'काम'. लघुलेखकसाहेब, तुम्ही पण कामाला गेला होता?"

"मी पेन्शनच्या चौकशीला गेलो होतो," लघुलेखक तोऱ्यात म्हणाले. "नुसतं घरी बसणं समितीला शोभलं नसतं."

"ठीक. आणि उरलेल्या सहा..." तिने शेरा वाचला. "'लेडीज सायकल, पुढे टोपली, चालक पुरुष, घाबरलेला.' हे कोण?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. 'घाबरलेला' हा शब्द सरकारी कागदावर यायला नको होता, एवढंच मला त्या वेळी वाटलं.

"बसा काका," ती म्हणाली. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. "नियम असा आहे, की केवळ मोजणीवर परिणाम व्हावा म्हणून किंवा विनाकारण केलेली फेरी धरायची नाही. इतरांचं कारण स्पष्ट आहे. तुमच्या चार फेऱ्या जास्तीच्या आहेत. त्यातली एक जरी विनाकारण होती असं तुम्ही लिहून दिलंत, तर एकूण दीडशे होतात. मार्गिकेसाठी दीडशेच्या वर लागतात. म्हणजे मार्गिका रद्द."

खोलीत एकदम जीव आला. "द्या, द्या लिहून!" शिंपी ओरडला. दंतवैद्यांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून माझ्या हातात दिलं. "चिटणीस, वाचलो आपण! एका ओळीचं काम आहे. लिहा, 'सहज चक्कर मारली.'" लघुलेखकांनी तर मजकूर तयारच करून आणला होता.

मी कागद पुढे ओढला. गाडी डोळ्यांपुढे आली. पुसलेली काच, रविवारचा पेपर, खिडकीतून दिसणारे दोन्ही आरसे. एका ओळीने हे सगळं वाचणार होतं. सहज म्हणून मागे पाहिलं. ही माझ्याकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, दवाखान्यात आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेली माणसं बघतात तशी. तिने काही मागितलं असतं, डोळ्यांनी का होईना, तर मी चिडून सही ठोकली असती. पण ती नुसती बसली होती. अकरा वर्षं अशीच बसली असेल, कुणाच्या तरी सहीची वाट बघत. आणि मी तिला म्हणालो होतो, गाडी हलवावी लागेल.

मी पेनला टोपण लावलं.

"मॅडम," मी म्हणालो, "चष्मा मी खरंच विसरलो होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी फेरी खरी आहे. चष्म्याशिवाय मला मीटरपट्टीवरचे आकडे दिसत नाहीत. तिसरी ऑफिसला पोचायची, तीही खरी. मग माझा डबा बसखाली सापडला. त्यामुळे दुपारची जेवायची फेरी खरी आणि त्यानंतरची परत ऑफिसची, तीही. मी पडलो होतो. साक्षीला या शिंप्यांच्या मंडळी आहेत. आणि घाबरलेला लिहिलंय तेही बरोबर आहे. तिथे पंचावन्न सेंटिमीटर जागा आहे. तुम्ही घाबरला नसता का?"

"अहो चिटणीस!" दंतवैद्य किंचाळले.

"सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची खोटी मापं पकडतोय, डॉक्टर. स्वतःच्या हाताने एक लिहून देऊ?"

हे मी फार बाणेदारपणे म्हणालो. अर्थात कारण एवढंच नव्हतं, पण सुनावणीत सगळंच सांगायचं नसतं. इंजिनीअरबाईने पेन्सिल सरळ केली, शिक्का उचलला आणि मारला. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. घरी जाताना बसमध्ये ही माझ्या शेजारी बसली आणि दोन स्टॉप गेल्यावर म्हणाली, "डबा बसखाली गेला हे तुम्ही मला सांगितलंच नाही. कुठेतरी विसरलो म्हणालात." मग तिने माझा हात हातात घेतला आणि आमचा स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

समितीने मला एकमताने काढून टाकलं. दंतवैद्य आता जिन्यात भेटले तर दात दाखवत नाहीत. पट्टा रंगवायला माणसं आली त्या दिवशी गाडी काही केल्या सुरू होईना. बॅटरी बसली होती, दोन चाकांतली हवा गेली होती. शेवटी त्या रंगवाल्यांनीच ढकलली. मेव्हणा दोर बांधून ती त्याच्या अंगणात घेऊन गेला आणि वाटेत त्याने जे टोमणे मारले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. गाडीखाली सहा वर्षांचा पाचोळा निघाला. पांघरुणं आता कपाटावर आहेत आणि कपाटाचं दार लागत नाही.

ही रुजू व्हायची ती सकाळ उजाडली. मला सहालाच जाग आली आणि सवयीने मी खिडकीशी गेलो. बघतो तो काय, आमच्या दारासमोर, पट्ट्याच्या बरोबर मधोमध, एक भलीमोठी व्हॅन उभी! चालक मागचं दार उघडून पावाचे ट्रे काढत होता. मी अंगात जे सापडलं ते चढवलं आणि तसाच जिना उतरून रस्त्यावर आलो.

"काढ ती गाडी इथून!"

"दोन मिनिटं हो, साहेब. एवढे ट्रे उतरवतो."

"दोन मिनिटं नाही आणि अर्धं मिनिट नाही. आत्ताच्या आत्ता काढ."

"अहो, पण रस्ता तर रिकामा आहे. कुणाला अडवतोय मी?"

"इथून माझी बायको जायची आहे," मी म्हणालो.

माझा आवाज जरा जास्तच चढला असावा, कारण समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. चालकाने मला आपादमस्तक न्याहाळलं, हातातला ट्रे आत ठेवला आणि मुकाट्याने व्हॅन पुढे घेऊन कोपऱ्यावर लावली. तेवढ्यात ही सायकल घेऊन खाली आली. नवी इस्त्रीची साडी सांभाळत सीटवर बसली, टोपलीत पर्स नीट ठेवली.

"तुम्ही वर जा आधी," ती हळूच म्हणाली. "बनियन उलटा घातलाय."

आणि निघाली. सरळ, एका रेषेत, पट्ट्याच्या मधून. मागून बस आली, पट्ट्याबाहेरून तिला ओलांडून गेली आणि ही जराही डगमगली नाही. चौकात वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. व्हॅनचा चालक पावाचा ट्रे घेऊन माझ्या बाजूने जात होता.

"मुख्य तंत्रज्ञ आहे ती," मी त्याला सांगितलं.

त्याने काहीच विचारलं नव्हतं.